मेन कून पिल्लाचा आहार: किती, काय आणि कधीपर्यंत? सल्ला हवा

झुपकेदार:
मेन कून बोका, वय ५ महिने, वजन ३.१ किलो. पुढच्या महिन्यात नसबंदी ठरली आहे. सध्या पिल्लांचं ड्राय फूड वाटीत कायम भरलेलं असतं आणि दिवसातून एकदा वेट फूडचं पाकीट. प्रश्न असे:
१. दिवसाला नेमकं किती द्यायचं? पाकिटावरचा तक्ता ‘४ ते ६ महिने’ असा ढोबळ आहे, मोठ्या जातींसाठी वेगळा आकडा नाही.
२. हाडं मोठी असतात म्हणून कॅल्शियमची पावडर द्यावी, असं बरेच जण सांगतात. द्यावी का?
३. उकडलेलं चिकन रोज चालेल का?
४. मोठ्या मांजरांचं खाणं कधी सुरू करायचं?
तो भरपूर मोठा व्हावा अशी इच्छा आहेच, पण सांधे आणि हृदय सांभाळून.

मृदगंध:
चौथ्या प्रश्नाच्या खालची शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची, म्हणून तिथूनच सुरुवात करते. बोका किती मोठा होणार हे आईबापांवरून ठरतं. जास्त खाऊ घालून हाडं लांब होत नाहीत, फक्त चरबी चढते. मेन कूनची वाढ ३ ते ५ वर्षं चालते. साधं मांजर वर्षाच्या आसपास भरतं, हे भरत नाही, आणि दीड वर्षाचा बोका लांबोडका, हडकुळा दिसला की घरचे घाबरून वाटी वाढवतात. तो तसाच दिसायला हवा. छाती आणि मान शेवटी भरतात.

आता हिशेब. वजनाचा घन करा, त्याचं दोनदा वर्गमूळ काढा आणि ७० ने गुणा. ३.१ किलोचा घन २९.८, पहिलं वर्गमूळ ५.४६, दुसरं २.३४. गुणिले ७० म्हणजे साधारण १६४ कॅलरी. ही नुसतं पडून राहण्याची गरज झाली. वाढत्या पिल्लाला या वयात तिच्या २ ते अडीचपट लागतं, म्हणजे ३३० ते ४१० कॅलरी. मी ३७० ने सुरुवात करेन.

वेट फूडची ८५ ग्रॅमची दोन पाकिटं धरा. १०० ग्रॅमला ९० कॅलरी असतील तर त्यातून १५३ मिळतात. उरल्या २१७. ड्राय फूड १०० ग्रॅमला ३८० कॅलरीचं असेल तर ५७ ग्रॅम. हे ५७ ग्रॅम सकाळीच काट्यावर मोजून डब्यात काढून ठेवा आणि दिवसभर त्यातूनच द्या. कपाने किंवा मुठीने मोजू नका, दाण्याच्या आकारानुसार एकाच कपात बरेच ग्रॅम इकडेतिकडे होतात.

हा आकडा म्हणजे फक्त सुरुवात. पुढचं वजनावर ठरवायचं. दर आठवड्याला ठरलेल्या वारी, खाण्याआधी वजन करा. सहा महिन्यांपर्यंत या जातीच्या बोक्याचं आठवड्याला १०० ते १५० ग्रॅम वाढणं ठीक. सहा महिन्यांनंतर वेग हळूहळू उतरतो, तो आजार नव्हे. घरच्या काट्यावर आधी एकटं आणि मग मांजराला घेऊन उभं राहून वजाबाकी केली तर १०० ग्रॅमचा फरक कळत नाही, त्यासाठी तान्ह्या बाळांचा पसरट वजनकाटा बरा.

अबोली_अ:
हिशेबाला अनुमोदन. मी प्रश्न २ आणि ३ घेते, कारण खरं नुकसान तिथे होतं.

कॅल्शियमची पावडर देऊ नका. पाकिटावर ‘वाढीच्या वयासाठी’ किंवा ‘सर्व वयांसाठी’ संपूर्ण व संतुलित असं लिहिलेलं असेल तर त्यात कॅल्शियम आणि फॉस्फरस आधीच बसवलेले असतात. अमेरिकेच्या आफ्को या पशुखाद्याच्या मानकात वाढीच्या वयाला (पाणी वगळून उरलेल्या) कोरड्या भागाच्या किमान १ टक्का कॅल्शियम आणि ०.८ टक्के फॉस्फरस लागतं. वरून पावडर टाकली की हे प्रमाण बिघडतं आणि मॅग्नेशियमचं शोषणही कमी होतं.

आता चिकन. बिनहाडाच्या मांसात फॉस्फरस कॅल्शियमच्या पंधरा-वीस पट असतं. तेच मुख्य जेवण झालं की रक्तातलं कॅल्शियम टिकवण्यासाठी शरीर हाडांमधून ते ओढायला लागतं. वाढत्या पिल्लात हे काही आठवड्यांत दिसतं: उडी मारायचं टाळतो, पाठीवर हात ठेवला की ओरडतो, बद्धकोष्ठ होतो, लंगडतो, आणि साध्या उडीत हाड मोडतं. गंमत म्हणजे वजन छान वाढत असतं, त्यामुळे कुणाला शंका येत नाही.

म्हणून उकडलेलं चिकन खाऊ म्हणून, दिवसाच्या कॅलरीच्या १० टक्क्यांपर्यंत. ३७० चे १० टक्के ३७, म्हणजे जेमतेम २० ग्रॅम. मीठ, कांदा, लसूण काही नको. कांदा-लसणाने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात, त्यांच्या शिजवलेल्या पाण्यातलं मांसही नको. आठवड्यातून एकदा बोटाच्या पेराएवढं लिव्हर ठीक, रोज नको. अ जीवनसत्त्व साठत जातं आणि पुढे मानेचे मणके एकमेकांना चिकटतात.

पूर्ण घरगुती आहारच द्यायचा असेल तर पशुआहारतज्ज्ञाकडून ग्रॅममध्ये लिहून घेतलेली कृती हवी, आणि त्यातलं सप्लिमेंट ‘आज संपलंय’ म्हणून गाळायचं नाही. टॉरिन हे अमिनो आम्ल मांजराला आहारातूनच मिळावं लागतं. ते कमी पडलं की डोळ्याचा पडदा खराब होतो आणि हृदय फुगून कमजोर होतं. १९८७ मध्ये हा संबंध उघड झाल्यावर तयार खाण्यातलं टॉरिन वाढवलं गेलं. कुत्र्याचं खाणं मांजराला न देण्याचं एक मोठं कारण हेच.

झुपकेदार:
दोघींचे मनापासून आभार. पावडर बंद. वेट फूडच्या पाकिटावर कॅलरी लिहिलेल्याच नाहीत. प्रोटीन १०, फॅट ५, फायबर ०.५, ॲश (खनिजं) २, ओलावा ८० टक्के एवढंच आहे. ड्राय फूडवर प्रोटीन ३२ आहे. म्हणजे वेट फूड एकदम हलकं का? आणि नसबंदीनंतर खाणं लगेच बदलायचं का?

पाचपावली:
१० आणि ३२ ची थेट तुलना करू नका, आधी पाणी वजा करा. वेट फूडमध्ये ८० टक्के पाणी, उरला कोरडा भाग २०. त्यात प्रोटीन १०, म्हणजे ५० टक्के. ड्राय फूडमध्ये ओलावा साधारण ८, कोरडा भाग ९२, त्यात ३२ म्हणजे जवळपास ३५ टक्के. वाढीच्या वयाला कोरड्या भागात किमान ३० टक्के हवं, दोन्ही बसतात. पण तुमचं वेट फूड बरंच सरस आहे. फक्त त्यावर ‘पूरक’ लिहिलेलं नाही ना, ते मागच्या बाजूच्या बारीक अक्षरात बघा. पूरक असेल तर ते जेवण नाही, खाऊच्या १० टक्क्यांत मोजा.

कॅलरी अशा काढा. सगळ्या टक्क्यांची बेरीज १०० मधून वजा केली की कर्बोदकं: १०० वजा ९७.५ म्हणजे २.५. मग प्रोटीन गुणिले ३.५, फॅट गुणिले ८.५, कर्बोदकं गुणिले ३.५. इथे ३५ अधिक ४२.५ अधिक ८.७५, म्हणजे १०० ग्रॅमला ८६ कॅलरी. मृदगंध यांनी ९० धरल्या होत्या. दोन पाकिटांत जेमतेम ७ कॅलरींचा फरक पडतो, म्हणजे दोन ग्रॅमच्या आत ड्राय फूड. सोडून द्या.

नसबंदीनंतर दोन गोष्टी एकदम होतात: ऊर्जेची गरज साधारण पाव भागाने उतरते आणि भूक काही दिवसांतच वाढते. भरलेली वाटी आता कायमची बंद, हा बदल शस्त्रक्रियेच्या आधीच करून टाका. मोजलेलं खाणं चार वेळांत, सहा महिन्यांनंतर तीन, वर्षानंतर दोन-तीन. पण लगेच नसबंदी झालेल्या प्रौढ मांजरांच्या खाण्यावर नेऊ नका, तो अजून वाढतोय. खाणं पिल्लाचंच ठेवा, ग्रॅम कमी करा. एकदम पाव भाग तोडू नका. १० टक्के कमी करा, दोन आठवडे वजन आणि बरगड्या बघा, मग पुढचं ठरवा.

बरगड्यांची परीक्षा: अंगठे पाठीच्या कण्यावर, बोटं दोन्ही बाजूंना, दाब न देता पुढेमागे फिरवा. स्वतःच्या उलट्या हाताच्या बोटांची हाडं चाचपल्यावर जशी लागतात तशा बरगड्या लागायला हव्यात. या जातीत डोळ्यांवर विश्वास ठेवायचाच नाही, मानेची आणि पोटाची लव सगळं झाकते. मागच्या पायांमधली पोटाची सैल कातडी म्हणजे चरबी नव्हे, ती असतेच. ती चिमटीत पातळ लागली तर काळजी नाही.

मृदगंध:
यात सांध्यांची भर. मेन कूनमध्ये खुब्याचा डिसप्लेजिया (सांधा नीट न बसणं) इतर मांजरांपेक्षा जास्त दिसतो आणि जादा वजनाने तो बळावतो. दुसरं, लवकर नसबंदी झालेल्या बोक्यांच्या ग्रोथ प्लेट (हाडाच्या टोकाजवळचे वाढणारे कूर्चेचे थर) उशिरा बंद होतात. त्यात वजन जास्त असेल तर कुठेही न पडता मांडीच्या हाडाचा गोल माथा प्लेटवरून सरकू शकतो. एक-दोन वर्षांचा जाड बोका अचानक मागून लंगडू लागला तर ‘मुरगळलं असेल’ म्हणून वाट पाहू नका, एक्स-रे काढा. आणि माणसांची वेदनाशामक गोळी कधीही नाही. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

चौथ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. पिल्लाचं खाणं किमान १२ महिने, या जातीत १५ पर्यंत खुशाल. वजनाची वाढ महिन्याला नगण्य झाली की प्रौढांच्या खाण्यावर ७ ते १० दिवसांत जा: आधी पाव भाग नवं, मग निम्मं, मग पाऊण. शी सैल झाली तर त्याच पायरीवर दोन-तीन दिवस थांबा. एक आकडा लक्षात ठेवा: पूर्ण वाढलेल्या, नसबंदी झालेल्या ७ किलोच्या बोक्याला साधारण ३६० कॅलरी लागतात. म्हणजे तुमचं ३ किलोचं पिल्लू आज जेवढं खातं तेवढंच. वजन दुप्पट झालं म्हणून वाटी दुप्पट होत नाही.

निळेडोळे:
हृदयाचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. या जातीतला हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार आनुवंशिक आहे, खाण्याने टळत नाही. एमवायबीपीसी३ या जनुकातला मेन कूनचा दोष २००५ मध्ये सापडला आणि त्याची चाचणी होते. ब्रीडरकडे आईबापांचे निकाल मागा. निकाल चांगला असला तरी आजार होणारच नाही अशी खात्री मिळत नाही, म्हणून वयात आल्यावर व्हेटच्या सल्ल्याने हृदयाची सोनोग्राफी. घरी करण्यासारखं एकच: गाढ झोपेत छातीचे श्वास मिनिटभर मोजा. ३० च्या वर सतत जात असतील तर त्याच दिवशी दाखवा.

वजन अडलं तर खाणं वाढवण्याआधी शी तपासा. दोन आठवडे काटा हलला नाही, किंवा शी शेणासारखी सैल, वासाची, कधी चिकट किंवा रक्ताचा ठिपका असलेली असेल, तर जंतांबरोबर जिआर्डिया आणि ट्रायट्रायकोमोनास हे आतड्यातले सूक्ष्म परजीवीही विचारा. बरीच मांजरं एकत्र वाढलेल्या ठिकाणाहून आलेल्या पिल्लांत हा दुसरा बऱ्यापैकी आढळतो, साध्या तपासणीत निसटतो आणि पीसीआरमध्ये सापडतो.

अबोली_अ:
भांड्याबद्दल थोडं. पसरट, जड, स्टील किंवा चिनी मातीचं घ्या, मिशा कडेला घासल्या नाहीत तर बरं. भराभर गिळून लगेच अख्खे दाणे ओकत असेल तर ड्राय फूड मोठ्या ताटात एका थरात पसरून द्या. पाण्याचं भांडं खाण्यापासून लांब ठेवा. पाणी सगळं मिळून किलोमागे दिवसाला ५० मिलीच्या आसपास लागतं. तुमच्या दोन पाकिटांतून १३६ मिली आधीच जातं, त्यामुळे तो भांड्यातलं पाणी कमी पिताना दिसला तर दचकू नका. उघडलेलं वेट फूड तासाभराने उचला, फ्रीजमधलं कोमट करून द्या.

झुपकेदार:
आज काट्यावर मोजलं. वाटीत रोज ८० ग्रॅमच्या वर ड्राय फूड जात होतं, शिवाय एक पाकीट. बरगड्या लागतात, पण दाबल्यावर. एकदम ५७ वर आणू का?

पाचपावली:
८० ग्रॅमच्या ३०४ आणि एका पाकिटाच्या ७३, म्हणजे ३७७. तुम्ही ठरलेल्या आकड्याच्या जवळच आहात, कमी काही करायचं नाही, फक्त वाटणी बदलायची. दुसरं पाकीट वाढवा आणि आठवडाभरात ड्राय फूड ८० वरून ७२, ६५ करत ५८ वर आणा. बरगड्या दाबल्यावरच लागतात हे लिहून ठेवा, दोन आठवड्यांनी पुन्हा चाचपा. तेव्हाही तसंच असेल तर ड्राय फूड ५ ग्रॅमने उतरवा. मध्येच खाणं पूर्ण सोडलं तर मात्र उपाशी ठेवून बघू नका. या वयाच्या पिल्लाने दिवसभर काहीच खाल्लं नाही तर व्हेटला फोन करा.