शिक्रा की बेसरा? गळ्यावर रेघ आहे, पण तेवढ्यावर ठरवायचं कसं

रानभूल:
मंडळी जरा मदत करा, डोकं भंजाळलंय. दाट झाडीच्या कडेला एका आडव्या फांदीवर हा छोटा शिकारी पक्षी बसला होता, कबुतराएवढा किंवा किंचित लहान, पाठ तपकिरी, छातीवर उभे तपकिरी फराटे आणि पोटाकडे ते फराटे तुटून थेंबांसारखे झालेत, डोळा पिवळा, आणि गळ्याच्या बरोबर मधोमध एक काळपट उभी रेघ. ॲपमध्ये टाकला तर एका फोटोला बेसरा म्हणतंय आणि त्याच पक्ष्याच्या दुसऱ्या फोटोला शिक्रा. ग्रुपवर एकाने "रेघ आहे म्हणजे बेसरा, विषय संपला" असं सांगून टाकलं, दुसऱ्याने स्पॅरोहॉक या तिसऱ्याच, तशाच दिसणाऱ्या शिकारी पक्ष्याचं नाव पुढे केलं. पुस्तक उघडलं तर आता तिघंही सारखेच दिसायला लागलेत. नेमकं बघायचं काय?

कोतवाल७:
"विषय संपला" म्हणणाऱ्यांना माझा नमस्कार सांगा 😄 गळ्याची रेघ शिक्र्यालाही असते हो. वयात आलेल्या शिक्र्यात ती बारीक, राखाडी असते म्हणून लांबून दिसत नाही, पण लहान वयाच्या शिक्र्यात चांगली ठळक असते. बेसऱ्याची जास्त रुंद आणि काळी हे खरंय, पण एकटाच पक्षी समोर असताना रुंद म्हणजे किती रुंद, हे कशाशी ताडून बघणार? रेघेचा खरा उपयोग उलट बाजूने होतो, म्हणजे मधली रेघ नाहीच आणि गळ्यावर नुसत्या बारीक बारीक रेषा असतील तर स्पॅरोहॉकचा विचार करायचा. आणि स्पॅरोहॉकच्या लहान वयाच्या पक्ष्यालाही खालून आडव्या पट्ट्याच असतात, जरा तुटक आणि ओबडधोबड, पण आडव्या. उभे फराटे आणि थेंब म्हणजे शिक्रा किंवा बेसरा, आणि तोही लहान वयाचा. त्यामुळे तुमच्या यादीतून स्पॅरोहॉक इथेच कटाप.

आता उरलेल्या दोघांत मी सगळ्यात आधी मिटलेले पंख बघतो. बेसऱ्याचे पंख आखूड, टोकं शेपटीच्या मुळाच्या जेमतेम खाली येतात, त्यामुळे पक्षी सगळा शेपटीचाच वाटतो. शिक्र्याची टोकं त्याहून बऱ्यापैकी खाली उतरलेली असतात. मग शेपटीचे पट्टे. बेसऱ्यात गडद पट्टा आणि मधली फिकी जागा जवळपास सारखीच रुंद असते, शिक्र्यात गडद पट्टा अरुंद आणि फिकी जागा जास्त. बाजूने किंवा पाठीमागून काढलेला एखादा फोटो आहे का? समोरचे सगळे सुंदर आले असतील पण ते या कामाला उपयोगाचे नाहीत.

पायवाट:
वरच्या सगळ्याला अनुमोदन, फक्त पाय राहिले. पाय कुणी बघतच नाही, सगळे डोळ्याच्या मागे. शिक्र्याचे पाय त्यामानाने आखूड, दणकट आणि बोटं जाडसर. बेसरा आणि स्पॅरोहॉक दोघांचे पाय काडीसारखे बारीक आणि मधलं बोट चांगलंच लांब, कारण दोघांचा भर उडते पक्षी पकडण्यावर, पिसांच्या आत घुसून धरायला लांब बोट लागतं. शिक्रा सरडे, उंदीर, मोठे किडे, छोटे पक्षी, जे मिळेल ते उचलतो. फोटोत एक जरी पंजा फांदीवर नीट दिसला तरी झूम करून बघा, रेघेपेक्षा जास्त सांगून जाईल.

डोळ्याच्या रंगाने मात्र नाव ठरवायला जाऊ नका. शिक्र्याच्या नराचा डोळा लाल असतो म्हणून सगळे लाल डोळा शोधत बसतात, पण बेसऱ्याच्या नराचाही नारिंगीपासून लालपर्यंत जातो आणि लहान वयात सगळेच पिवळ्या डोळ्यांचे. आकाराचंही तेच. या मंडळींमध्ये मादी मोठी आणि नर लहान, शिक्रा २६ ते ३० सेंमी, स्पॅरोहॉकचा नर २९ ते ३४ आणि मादी ३५ ते ४१, म्हणजे मोठी शिक्रा मादी आणि छोटा स्पॅरोहॉक नर एकाच मापाचे निघतात. "कबुतराएवढा" यातून काहीच सिद्ध होत नाही, सॉरी.

भिंगरी:
पंखांच्या टोकांवर माझा एवढा विश्वास नाही. पक्षी पंख सैल सोडून बसला किंवा पिसं गळून नवीन येत असतील तर तेच माप भलतंच दिसतं, त्यामुळे लागोपाठचे तीनचार फोटो बघून मगच बोलावं. आणि फोटो उजळ करून टाकू नका प्लीज, छातीवरच्या बारीक खुणा धुऊन निघतात, आणि फार गडद ठेवलात तर सावलीतला तपकिरी पक्षी काळाकुट्ट दिसतो आणि मग सगळ्यांना बेसरा दिसायला लागतो.

अजून एक, "दाट झाडी म्हणून बेसरा" हेही चालत नाही. बेसरा दाट जंगल सहसा सोडत नाही हे बरोबर, पण शिक्र्याला जंगलाची कडा काही वर्ज्य नाही. आणि पावशा नाहीये ना याची खात्री करून घ्या आधी 🙂 तो उडायला आणि दिसायला हुबेहूब शिक्र्यासारखा, पण चोच आकड्यासारखी वळलेली नसते आणि डोळ्याभोवती पिवळं कडं असतं.

रानभूल:
पावशा नाही, चोच चांगली आकडेदार आहे. बाजूचे फोटो शोधले. पंखांची टोकं शेपटीच्या साधारण एक तृतीयांश लांबीपर्यंत येतायत, सगळ्या फोटोंत तेवढीच. शेपटीवरचे गडद पट्टे बारीक आणि मधली जागा जास्त. एकच पंजा दिसतोय, बोटं जाड वाटतायत, मधलं बोट काही फार लांब नाही. आवाज दोन सुरांचा, टी-टुई, टी-टुई असा दोनतीनदा आला.
अजून एक होता, डोक्यावरून गेला, दोनच फोटो मिळाले आणि तेही उजेडाविरुद्ध, नुसती काळी आकृती. पंखाच्या टोकाला सुटी बोटं (बोटांसारखी वेगवेगळी दिसणारी पिसं) पाच दिसतायत.

कोतवाल७:
फांदीवरचा शिक्रा, लहान वयाचा. मला शंका नाही. आवाजावर एकट्याने जाऊ नका, कोतवाल पक्षी त्याची मस्त नक्कल करतो, पण इथे बाकीचं सगळं जुळतंय.
जाता जाता, शास्त्रीय नाव शोधताना गोंधळू नका. जुन्या पुस्तकांत तिघंही ॲसिपिटर या प्रजातीगटात (जीनसमध्ये) आहेत, २०२४ पासून ईबर्ड या पक्षीनोंदींच्या साइटवर शिक्रा आणि बेसरा टॅकिस्पायझा झालेत, स्पॅरोहॉक तेवढा ॲसिपिटरमध्येच राहिला.

भिंगरी:
उडत्याची पाच बोटं असतील तर स्पॅरोहॉक नाही, त्याला सहा असतात. पण शिक्रा आणि बेसरा दोघांनाही पाचच, त्यामुळे नुसत्या आकृतीवरून पुढे जाता येणार नाही. एखादं बाहेरचं पीस गळलेलं असेल तर पाच हा आकडाही पक्का नाही. बेसऱ्याच्या पंखाची खालची बाजू पट्ट्यांनी भरलेली असते, वयात आलेल्या शिक्र्याची बरीचशी पांढुरकी आणि टोकं गडद. रॉ फाइल (कॅमेऱ्याची मूळ, प्रक्रिया न केलेली) असेल तर सावल्या थोड्या उघडून बघा. काहीच दिसलं नाही तर प्रजातीचं नाव न घालता नुसत्या गटापुरती नोंद करा.

रानभूल:
रॉ आहे. रात्री बघून टाकतो इथेच.