शब्दचर्चा: 'फ्रीडम्स ऑफ द एअर'ला मराठीत काय म्हणावं?

नांदेडला विधीच्या मुलांना हवाई कायदा मराठीतून शिकवते. १९४४च्या शिकागो परिषदेतून आलेल्या 'फ्रीडम्स ऑफ द एअर'ला, म्हणजे एका देशाच्या विमानांना दुसऱ्या देशाच्या आकाशातून जाण्या-उतरण्याच्या परवानग्यांना, टिपणात 'आकाशस्वातंत्र्ये' लिहिलं. मुलं म्हणाली, म्हणजे आभाळ सगळ्यांचं? अर्थ नेमका उलटा गेला. चांगला शब्द सुचवा.

— ताई, मुलांचं बरोबर आहे, शब्दच फसवतो. भूमीवरच्या आकाशावर त्या-त्या देशाचं संपूर्ण आणि अनन्य सार्वभौमत्व, हे १९१९च्या पॅरिस करारात आलं आणि तुमच्या त्या परिषदेत झालेल्या शिकागो कराराचं पहिलंच कलम तेच सांगतं. सहाव्या कलमाप्रमाणे नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवेला परवानगी लागतेच. मी 'वहिवाट' सुचवतो. दुसऱ्याच्या रानातून जायचं, पण तिथं पेरायचं नाही.

— सर, 'वहिवाट' कानाला फार गोड, पण इथं बसत नाही. परतूरकडं आमच्या रानाच्या वाटेचं प्रकरण तहसीलला गेलं, तेव्हा सगळा जोर एकाच गोष्टीवर होता: आजोबांपासून गाड्या इथूनच जातात. पंचनाम्याला आलेल्यांनी बांधाशेजारच्या चाकोऱ्या वाकून बघितल्या. चालत आलं म्हणून हक्क झाला, हा वहिवाटीचा जीव. आभाळात चाकोरी उमटत नाही. वर्षानुवर्षं वरून गेलं तरी हक्क साचत नाही. एप्रिल २०२५मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली आणि दिल्लीहून युरोपला जाणाऱ्या विमानांना वळसा पडला.

माझं मत 'मुभा'. शब्द अरबी 'मुबाह'वरून आला, आपल्याकडं रोजच्या बोलण्यातला. मुभा म्हटली की देणारा आला, अटी आल्या. पहिली मुभा: न उतरता वरून जाणं. दुसरी: इंधन किंवा दुरुस्तीसाठी टेकणं, प्रवासी-माल न चढवता न उतरवता. तिसरी-चौथी म्हणजे मायदेशातून आणलेले प्रवासी तिथं उतरवणं आणि तिथले मायदेशी आणणं. पाचवी सगळ्यात नाजूक: वाटेतल्या परक्या देशात प्रवासी घेऊन तिसऱ्या देशात सोडणं. पहिल्या दोन मुभांसाठी शिकागोतच वेगळा बहुपक्षीय करार झाला. बाकीच्या तिन्ही बहुतेक वेळा दोन-दोन देश समोरासमोर बसून ठरवतात.

— 'मुभा' पटला. अनेकवचन 'पाच मुभा'च ना, 'शाळा'सारखं? आणि टिपणात 'शिकागो कन्व्हेन्शन'ला 'शिकागो अधिवेशन' लिहिलंय, तेही खोडते. परिषद भरली ती वेगळी, कलमं आहेत ती करारात. मग 'ओपन स्काइज'ला, म्हणजे विमानसेवांवरची बहुतेक बंधनं काढणाऱ्या करारांना, 'मोकळं आभाळ' म्हणावं का? तिथंही शेवटी दोन सरकारांच्या सह्याच लागतात.