नवरा मारतो म्हणून आलेल्या बाईला चर्चने ‘जुळवून घे’ सांगावं का?

वसईची लेक
धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) महिला मंडळात मी बरीच वर्षं काम करते. मार खाल्लेली आपल्यातली बाई पोलीस चौकीत जायच्या आधी फादरांकडे येते. मग नवऱ्याला बोलावणं जातं, दोघांना समोरासमोर बसवतात, प्रार्थना होते, तो माफी मागतो आणि ती त्याच्याच स्कूटरवर बसून घरी जाते. त्याच्यादेखत ती काय बोलणार? आणि बोललीच तर रात्री त्याचीही वसुली होते.

माझं म्हणणं एवढंच, की मारहाण असेल तिथे समेटाची बैठक नको. आधी तिला एकटीला विचारा: आज घरी जायला भीती वाटते का? मुलं कुठे आहेत? मग डॉक्टर, महिला हेल्पलाइनचा 181 क्रमांक, 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा संरक्षण अधिकारी. यात धर्माविरुद्ध काहीच नाही. जोडीदारापासून शरीराला किंवा मनाला गंभीर धोका असेल तर वेगळं राहण्याची मुभा चर्चच्याच कायद्यातला कॅनन 1153 देतो. उशीर धोक्याचा असेल तर आधी बिशपांची परवानगीही लागत नाही. पोप फ्रान्सिस यांनी तर 2016 मध्ये लिहिलं, की कधी कधी वेगळं होणं नैतिकदृष्ट्या आवश्यकच ठरतं. हे कुठल्या प्रवचनात ऐकलंय कुणी?

आगाशीचा अंतोन
ताई, तुमची कळकळ मान्य, पण मी सहमत नाही. विवाहपूर्व शिबिरात मी शिकवतो. दारू सुटल्यावर सावरलेली घरं मी पाहिली आहेत, आणि ती फादरांनी शब्द टाकल्यामुळेच सावरली. केस झाली की दोन्ही कुटुंबांची तोंडं कायमची फिरतात, कोर्टात उमेदीची वर्षं जातात. लग्न हा साक्रामेंत, म्हणजे पवित्र संस्कार आहे. फादरांनी जोडायचं नाही तर कुणी? शिवाय आपला समाज मूठभर. एका घरची बातमी झाली की बोल सगळ्यांना लागतो.

नगरची रूथ
अंतोनभाऊ, समाजाची अब्रू बाईच्या पाठीवरच्या वळांनी राखायची का?

आमच्या प्रोटेस्टंट मंडळ्यांतही हेच. देवाला घटस्फोटाचा तिटकारा आहे हे सांगायला बायबलातलं मलाखी 2:16 काढतात, पण जुलूम करणाऱ्याचा धिक्कार त्याच वचनात आहे, तो वाचत नाहीत. इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात पत्नीने अधीन असावं हे 22 वं वचन. एकमेकांच्या अधीन असा, हे त्याच्या आधीचं 21 वं.

आणि कायदाही बघा. 1869 च्या घटस्फोट कायद्यात ख्रिस्ती बाईला नुसत्या मारहाणीवर घटस्फोट मिळत नव्हता, सोबत नवऱ्याचा व्यभिचारही सिद्ध करावा लागे. मुंबई उच्च न्यायालयाने 1997 मध्ये ती अट मोडीत काढली, संसदेने 2001 मध्ये कायदा बदलला. तोवर आपल्या आया-आज्यांना ‘सहन कर’ म्हणणारा धर्म होता आणि कायदाही तेच म्हणत होता.

मरोळकर
भारतातल्या कॅथलिक बिशपांचं स्त्री-पुरुष समानतेचं धोरण 2010 सालचं आहे. आमच्या पॅरिश कौन्सिलमध्ये ते कुणी उघडलेलंही नाही. 2018 मध्ये केरळातल्या एका ननने जालंधरच्या बिशपांवर बलात्काराची तक्रार केली, तेव्हा तिच्या सोबतिणींना कोचीत रस्त्यावर बसावं लागलं. कोर्टाने 2022 मध्ये त्या बिशपांना निर्दोष सोडलं, त्या निकालावर मी बोलत नाही. पण तक्रार करणाऱ्या धर्मभगिनीच्या पाठीशी उभं राहायला संस्था कचरते, हे बघितलेली साधी गृहिणी ऑफिसात येऊन तोंड उघडेल?

आगाशीचा अंतोन
रूथताई, वळांचं समर्थन मी केलेलं नाही. पण बाहेर काढून तिला ठेवणार कुठे? माहेरचे दार लावून घेतात. कायद्याने सासरच्या घरात राहायचा हक्क आहे खरा, पण तिथेच तर मार बसतो.

वसईची लेक
हा प्रश्न खरा आहे, आणि इथेच चर्चची गरज आहे. आपल्याकडे कॉन्व्हेंट आहेत, हॉल आहेत, शाळा-दवाखाने आहेत. पंडिता रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळात उपाशी, निराधार बायका-मुलींना केडगावला आणलं. तिथे त्यांना निवारा मिळाला, शिक्षण मिळालं, शेतीचं आणि छापखान्याचं काम मिळालं. प्रत्येक धर्मग्रामाने निदान दोन खोल्या आणि वकिलाच्या फीपुरता निधी ठेवावा. सणाच्या रोषणाईला वर्गणी जमतेच की.

आगाशीचा अंतोन
खोल्यांना माझा पाठिंबा, वर्गणीही देईन. पण त्या नवऱ्याशी बोलणं बंद करा म्हणाल तर विरोध करीन.

नगरची रूथ
बोला ना. वेगळ्या दिवशी, वेगळ्या माणसाने, आणि ती कुठे आहे हे त्याला न सांगता.