अनुभव धागा: किडनी मिळेपर्यंतचा खर्च कसा निभवायचा?

प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षायादीत नाव लागलं की खर्च थांबत नाही, लांबतो. धीराचे शब्द सगळीकडे मिळतात, तेव्हा इथे कामाचंच लिहू या: पैसे कुठे वाचतात, कुठे वाचवू नयेत, कोणता कागद कधी लागतो.

मेडिक्लेमचे दावे हाताळणारे
कोणतं बिल कोणत्या खिशातून द्यायचं, हे पहिल्या महिन्यातच ठरवा. डायलिसिस डे-केअरमध्ये बसतं, २४ तास भरती लागत नाही, म्हणून सगळे ते मेडिक्लेमवर टाकतात. वर्ष अर्धं सरेपर्यंत विमा रक्कम संपते आणि नेमका तेव्हाच किडनीसाठी फोन येतो. शक्य असेल तर डायलिसिस महात्मा फुले जनआरोग्य योजनेत किंवा जिल्हा रुग्णालयाच्या केंद्रात करा आणि मेडिक्लेम शस्त्रक्रियेसाठी राखा. जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. मूत्रपिंड प्रत्यारोपणाची मर्यादा २०२३ च्या शासन निर्णयाने अडीच लाखांवरून साडेचार लाख झाली. रुग्णालय योजनेत आहे का, हे आधी १५५३८८ वर विचारा. तिथे गेल्यावर रेशन कार्ड आणि आधार घेऊन थेट आरोग्यमित्राकडे (रुग्णालयात बसणारा योजनेचा मदतनीस) जा. दोन्हींवर नावाचं स्पेलिंग वेगळं असलं की मंजुरी अडते. जिवंत दाता असेल तर त्याच्या तपासण्या आणि नंतरची औषधं बऱ्याच पॉलिसींत धरत नाहीत. ते कलम आजच वाचा.

समाजसेवा अधीक्षक
धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उत्पन्नमर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला भरती होतानाच द्या. डिस्चार्जच्या दिवशी बिल हातात घेऊन आलात तर आमचेही हात बांधलेले असतात.
मुख्यमंत्री सहायता निधीचंही तेच. अर्ज शस्त्रक्रियेआधी करायचा. पैसे रुग्णालयाच्या खात्यात जातात, झालेल्या खर्चाची भरपाई मिळत नाही.

डायलिसिस तंत्रज्ञ
डायलायझर, म्हणजे मशीनवरची रक्त गाळणारी नळी, त्याच रुग्णासाठी धुऊन पुन्हा वापरतात, त्यात गैर काही नाही. मात्र त्याची मोजणी व्हायला हवी. नवा असताना आतल्या नळ्यांत १०० मिली मावत असेल आणि धुतल्यावर ८० मिलीच्या खाली आलं, तर तो फेकायचा. लेबलवर तुमचं नाव, कितवा वापर आणि हा आकडा लिहिलेला असतो. सुया लावण्याआधी तुम्ही स्वतः वाचा. धुण्याचं रसायन उरलं नाही ना, याची चाचणीही जोडण्यापूर्वीच होते. डायलायझर लवकर बाद होतो तो बहुधा हेपारिन (रक्त गोठू न देणारं औषध) कमी पडल्याने, किंवा शेवटी रक्त परत देताना सलाइन अपुरं सोडल्याने. आत गुठळ्या धरतात. दर दोन-तीन वेळांनी नवा घ्यायला सांगत असतील तर कारण विचारा. हिपॅटायटिस बी असलेल्या रुग्णाचा मात्र पुन्हा वापरत नाहीत.
मानेतल्या कॅथेटरवर (शिरेत घातलेली डायलिसिसची नळी) महिनोन् महिने काढणं सगळ्यात महागात पडतं: जंतुसंसर्ग, भरती, भारी अँटिबायोटिक्स. फिस्टुला (डायलिसिससाठी हातातली धमनी आणि शीर जोडण्याची छोटी शस्त्रक्रिया) लवकर करून घ्या, तो तयार व्हायला सहा-आठ आठवडे लागतात. त्या हातावर बीपी नाही, डायलिसिसखेरीज सुई नाही, घड्याळही नाही.
आणि पैसे वाचवायला डायलिसिसची पाळी चुकवू नका. फुप्फुसात पाणी भरून आयसीयूत एक रात्र काढली की महिन्याभराच्या डायलिसिसचे पैसे तिथे जातात.

एसटी-रेल्वेवाले
प्रत्यारोपण किंवा डायलिसिससाठी प्रवास करणाऱ्या किडनी रुग्णाला आणि सोबतच्या एकाला रेल्वेत स्लीपर व थर्ड एसीत ७५ टक्के, सेकंड व फर्स्ट एसीत ५० टक्के सवलत आहे. रुग्णालयाच्या सहीशिक्क्याचा ठरावीक नमुना घेऊन खिडकीवरच तिकीट काढायचं. एसटीत डायलिसिस रुग्णांना मोफत प्रवास आहे; प्रमाणपत्र जवळ ठेवा.

आहारतज्ज्ञ
पाणी म्हणजे दिवसाची लघवी अधिक साधारण ५०० मिली. चहा, ताक, आमटी सगळं त्यातच. मीठ कमी केलं की तहान आपोआप आटोक्यात येते. ‘लो सोडियम’ मीठ घेऊ नका, त्यात पोटॅशियम असतं. शहाळंही नको. डायलिसिस सुरू झाल्यावर प्रथिनं कमी करायची नसतात, वाढवायची असतात. महागड्या पावडरीआधी अंड्याचा पांढरा भाग बघा, एकात साडेतीन ग्रॅम प्रथिनं. फॉस्फरस बांधून ठेवणारी गोळी जेवणाबरोबरच घ्या, उपाशीपोटी ती फुकट जाते.

कर सल्लागार
जुनी करप्रणाली घेतली तर कलम ८०डीडीबीखाली उपचारखर्चावर ४० हजार, ज्येष्ठांसाठी १ लाखापर्यंत वजावट. त्यासाठी तज्ज्ञ डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन लागतं. ईएसआयसी (कामगार विमा) असलेल्यांनी दीर्घ आजाराच्या वाढीव रजा-लाभाची चौकशी करावी. त्या यादीत हा आजार आहे.

प्रत्यारोपण समन्वयक
वरच्या सगळ्यांत एक भर. हिमोग्लोबिन उतरलं की रक्ताची बाटली स्वस्त वाटते. पण बाहेरच्या रक्ताने शरीरात प्रतिपिंडं (अँटिबॉडी) तयार होऊ शकतात आणि मग जुळणारी किडनी मिळणं अवघड होतं. एरिथ्रोपोएटिनचा (रक्त वाढवणारं इंजेक्शन) डोस वाढवण्याआधी फेरिटिन आणि टीसॅट या लोहाच्या चाचण्या करा. लोहच कमी असेल तर महाग इंजेक्शन वाया जातं. आयर्न सुक्रोज, म्हणजे शिरेतून द्यायचं लोह, त्यामानाने स्वस्त. एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन २ ते ८ अंशांत ठेवायचं. फ्रीजरमध्ये गोठलं तर टाकून द्या.
हिपॅटायटिस बीची लस दुप्पट मात्रेत (४० मायक्रोग्रॅम) घ्या आणि नंतर टायटर (लस लागू पडली का, याची रक्तचाचणी) बघा. प्रतीक्षायादीत नाव नोंदवायला शुल्क घेऊ नये आणि अधिवासाची अट घालू नये, असं केंद्राने २०२३ मध्ये राज्यांना सांगितलं आहे. घरात दाता आहे पण रक्तगट जुळत नाही, तर स्वॅपबद्दल (दोन कुटुंबांनी दात्यांची अदलाबदल करणं) विचारा. कायद्यात तरतूद आहे.
फोन रात्री दोनलाही येतो. विषाणू चाचण्या आणि इको (हृदयाची सोनोग्राफी) ताजे हवेत, अनामत कुणाच्या खात्यातून भरायची हे ठरलेलं हवं. सगळी पुंजी शस्त्रक्रियेवर घालू नका: शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि स्टेरॉइड त्यानंतर कायम चालू राहतात, टॅक्रोलिमसची रक्तपातळीही मोजावी लागते. स्वस्त मिळतो म्हणून टॅक्रोलिमसचा ब्रँड स्वतःहून बदलायचा नाही. डॉक्टरांनी बदलला तर पातळी पुन्हा तपासून घ्या.