शेल खडकाचं वय कार्बनवरून कसं काय?

दादरची मुलगी: एमएससीचा अभ्यास लोकलमध्येच चालतो माझा, आज वाचलं की जुन्या सागरी शेलचे (चिखल दबून बनलेल्या खडकाचे) थर कार्बनवरून जुळवतात, पण कार्बन-१४ तर ५० हजार वर्षांपलीकडे कामाचा नाही ना?

गाळवाला: तो वेगळा गं. इथे कार्बन-१३ आणि कार्बन-१२ चं प्रमाण बघतात, दोन्ही स्थिर, म्हणजे काळानुसार क्षय न होणारे. सेंद्रिय गाळ भरपूर गाडला गेला की १२ त्यात अडकतो, पाण्यात १३ वाढतो आणि ती उडी जगभरच्या थरांत उमटते. साधारण ९.४ कोटी वर्षांपूर्वीची उडी इटलीत गुब्बिओला सापडते, तीच अमेरिकेत कोलोरॅडोतही.

मालाडकर: पण ही नुसती जुळणी हां, वयाचा आकडा ज्वालामुखीच्या राखेच्या थरातल्या झिरकॉन या खनिजावरून येतो. आणि सेंद्रिय कार्बन मोजायचा तर खडकाची पूड आधी आम्लात ठेव, चुन्यातला कार्बन निघून जायला, बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत. मी घाई केली, आठवडा फुकट गेला.