शब्दचर्चा: ‘फॉल्ट’ला काय म्हणायचं? भ्रंश, विभंग की प्रस्तरभंग?

खडकाळ: नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन वायुक्षेत्रावर मराठीत लिहितोय आणि ‘फॉल्ट’पाशी, म्हणजे जमिनीखालचा खडक तुटून सरकतो त्या जागेपाशी, अडलोय. शाळेत ‘प्रस्तरभंग’ शिकलो. पण ‘प्रस्तरभंगामुळे वायू अडकला’ असं लिहिलं तर बायको म्हणते, फुटक्या मडक्यात पाणी राहतं का कधी? एके ठिकाणी ‘भूगर्भीय दोष’ वाचलं. लाईनमनला फोन करावासा वाटला.

वरवंटा: वहिनींचं बरोबर आहे. ‘भंग’ म्हटलं की तुटणंच डोळ्यांपुढे येतं, ‘विभंग’चंही तेच. खडकाची शिळा नुसती तुटली, सरकली नाही, तर ती भेग किंवा तडा. सरकली तरच फॉल्ट. म्हणून माझं मत ‘भ्रंश’ला: मूळ अर्थच घसरणं, जागेवरून ढळणं. पदभ्रष्ट, स्थानभ्रष्ट त्याच घरातले.

दोन थरांची बर्फी घ्या, खाली पांढरा, वर चॉकलेटचा. सुरीने उभी कापा आणि एक अर्धा भाग एका थराइतका खाली दाबा. दुसऱ्या अर्ध्याचा पांढरा थर आता शेजारच्या चॉकलेटला टेकला ना? पांढरा म्हणजे वाळूचा दगड, चॉकलेट म्हणजे मीठ, ज्यातून वायू जात नाही. ग्रोनिंगेनला वायू आला खालच्या, आणखी जुन्या कोळशाच्या थरांतून. सुमारे ३ किलोमीटर खोलीवरच्या वाळूच्या दगडात शिरला. वर मिठाचे जाड थर, आणि भ्रंशाने खडक खालीवर झाल्यामुळे कडेलाही वाट बंद. वायू असा अडकतो त्या जागेला ‘सापळा’ रूढ आहे, पण मला ‘कोंडी’ जास्त आवडतो. सापळा कुणीतरी लावावा लागतो.

शेणसडा: आणि पलीकडेही वाळूचा दगडच आला तर?

वरवंटा: तर वायू खुशाल पलीकडे जाऊ शकतो. भ्रंश आहे म्हणून कोंडी आहेच, असं नाही. पण सरकताना मधल्या चिकणमातीच्या थराची माती त्या फटीत फासली जाते, किंवा वाळूचे कण दळले जाऊन छिद्रं बुजतात. मग वाळूला वाळू भिडूनही वाट बंद.

शेणसडा: म्हणजे लिंपण! आजी कणगी शेणमातीने लिंपायची, बोटांचे पट्टे वाळल्यावरही दिसायचे. हाच शब्द वापरा की.

वरवंटा: झकास. एक विनंती, ‘रिझर्व्हॉयर’चं ‘जलाशय’ करू नका. खाली पोकळ तळं नाही, वायू वाळूच्या कणांमधल्या छिद्रांत असतो. ‘साठाखडक’ म्हणा.

ऐरणीवर: मुंबई हायचं उदाहरण घ्या ना, वाचकाला जवळचं.

वरवंटा: तिथला मुख्य साठा चुनखडकात, आणि तोही तेलाचा. इथे नको.

खडकाळ: भ्रंश, कोंडी, लिंपण घेतो. आता शेवटची अडचण. १९५९ मध्ये ग्रोनिंगेनमधल्या स्लोख्तरेनजवळ वायू सापडला. पुढे उपसून दाब उतरला, वाळूचा दगड दबला आणि जुने भ्रंश पुन्हा हलले. १६ ऑगस्ट २०१२ ला हाउझिंगेजवळ ३.६ तीव्रतेचा भूकंप झाला, घरांना तडे गेले. १ ऑक्टोबर २०२३ ला उत्पादन थांबवलं. तर ‘भ्रंश सरकला’ म्हणायचं? म्हणजे घसरणं घसरलं?

शेणसडा: वळण वळतंच की!