सिबिल ६४८, दादाच्या टिपरला जामीन राहिलो होतो. एजंटला धरून होम लोन होतं काय?

कुर्टीकर
मंडळी जरा सल्ला पाहिजे. फोंड्याला कुर्टीत टू बीएचके बघितलाय, ४२ लाख, बिल्डरला १ लाख टोकन देऊन बसलोय. मी कुंडईला फॅक्टरीत, हातात ४८ हजार येतात, मिसेस प्रायव्हेट शाळेत, तिचे २६. बँकेत गेलो तर साहेबांनी आधी चहा सांगितला, मग स्क्रीन बघितली, मग चहा काय आलाच नाही. सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर, ६४८, जमणार नाही म्हणाले.

भानगड अशी की गोव्यातल्या खाणी परत सुरू झाल्या तेव्हा २०१६ ला दादाने खनिज वाहायला कर्जावर टिपर ट्रक घेतला आणि मी जामीन राहिलो, सही करायला पाच मिनिटं लागली नसतील. मार्च २०१८ ला सुप्रीम कोर्टाच्या निकालाने सगळं परत बंद. टिपर दीड वर्ष आमच्या अंगणात उभा, चाकांवर तवशाची (मोठ्या काकडीची) वेल चढली होती, आईने त्याच तवशांची तवसळी केलेली आठवते. शेवटी टिपर विकला आणि २०१९ ला फायनान्सवाल्यांशी सेटलमेंट केली. वर माझं स्वतःचं क्रेडिट कार्ड लॉकडाऊनमध्ये तीन महिने थकलं, ३८ हजार होते, नंतर व्याजासकट पूर्ण भरले, पैसा ठेवला नाही.

आता पणजीचा एक एजंट भेटलाय. आपलं सेटिंग आहे म्हणतो, १५ हजार आधी द्या सिबिल साफ करून देतो आणि लोन झालं की दीड टक्का. नुसतं चेक करायला म्हणून पॅन नंबर आणि ओटीपी घेतला आणि त्याच दुपारी मला चार एसएमएस, अमक्याने तुमचा क्रेडिट रिपोर्ट बघितला, तमक्याने बघितला. हे बरोबर आहे काय? असले एजंट खरंच लोन करून देतात काय कुणाला अनुभव?

पात्रांव_म्हापसा
१५ हजार आधी मागितले तिथंच चप्पल घालून घरी यायचं रे. माझ्या मेव्हण्याचे २० गेले, फोन अजून लागत नाही.

रिटायर_लोनवाला
कुर्टीकर, मी तीस वर्षं बँकेत होतो त्यातली बरीच लोन डिपार्टमेंटला, तेव्हा जरा सविस्तर लिहितो, कंटाळू नका.

पहिलं म्हणजे एजंट दोन जातीचे. एक खरा डीएसए, म्हणजे कर्ज मिळवून देणारा अधिकृत एजंट, त्याला बँकेने किंवा हाउसिंग फायनान्स कंपनीने कोड दिलेला असतो, लोन डिस्बर्स झालं की त्याला कमिशन कंपनी देते, तुम्ही द्यायचं नसतं. दुसरा तुम्हाला भेटला तो. विचारायचं सोपं आहे, कोड काय, ऑथोरिटी लेटर दाखव, आणि त्याच कंपनीच्या ब्रँचला फोन लावून नाव विचारायचं. सिबिल साफ करणं ही वस्तू बाजारात मिळत नाही. खरी नोंद कोणाच्या बापाला पुसता येत नाही आणि चुकीची असेल तर ती तुम्ही घरबसल्या फुकटात दुरुस्त करून घेऊ शकता, मग १५ हजार कशाचे?

ते चार एसएमएस म्हणजे त्याने तुमची फाइल चार ठिकाणी फेकली. प्रत्येक अर्जाची एन्क्वायरी रिपोर्टवर बसते, थोड्या दिवसांत चारपाच दिसल्या की पुढचा माणूस म्हणतो हा गावभर कर्ज मागत फिरतोय. त्याला आजच लेखी मेसेज करा की माझ्या नावाने कुठेही अर्ज टाकू नको. तुम्ही स्वतः आपला रिपोर्ट बघितला तर मात्र स्कोअरला काही होत नाही, लोक उगाच घाबरतात.

आता तुमचं काम. सिबिल ही एकच कंपनी नाही, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क धरून चार आहेत, आरबीआयच्या नियमाने प्रत्येकीने वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. चारही काढा. स्कोअरचा आकडा बघून रडू नका, आत काय लिहिलंय ते वाचा. आम्ही पण आकडा बघून खुर्चीत मागे टेकायचो पण निर्णय आतल्या पानावर व्हायचा. दादाचं टिपर लोन तुमच्या रिपोर्टमध्ये जामीनदार म्हणून दिसेल. तिथं क्लोज्ड लिहिलंय, सेटल्ड लिहिलंय की राइट-ऑफ म्हणजे बुडीत लिहिलंय, आणि ओव्हरड्यूच्या (थकबाकीच्या) रकान्यात शून्य आहे की काही आकडा लटकलाय? माझा अंदाज आहे आकडा लटकलेला असणार. कार्डाचे तीन महिने डीपीडीमध्ये (किती दिवस थकलं त्या रकान्यात) दिसतील पण ती जुनी गोष्ट आहे आणि पूर्ण भरलेत, त्याच्यावर फार कोणी अडून बसणार नाही. अडतं ते सेटल्डवर, कारण सेटल्डचा अर्थ बँकेच्या भाषेत एवढाच की या माणसाने ठरलेले पैसे पूर्ण दिले नाहीत.

आणि सात वर्षांनी सगळं आपोआप पुसलं जातं हे पण कोणीतरी सांगेल. कायद्यात आहे ते असं की कंपन्यांनी माहिती कमीत कमी सात वर्षं ठेवायची. कमीत कमी.

डिचोलीकर७७
एवढा द्राविडी प्राणायाम कशाला, वहिनीच्या एकटीच्या नावावर घ्या की. तिचं सिबिल चांगलं असेल तर विषय संपला.

रिटायर_लोनवाला
डिचोलीकर, हे पुण्यामुंबईला सांगा. आपल्याकडे गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा सिव्हिल कोड आहे, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मिळकत नवराबायको दोघांची, म्हणून सेल डीडवर नवरा येतोच. आणि जो मालक त्याला आम्ही कर्जात पण घ्यायचो, मग त्याचं सिबिल ओढलं जायचंच. शिवाय २६ हजारांवर ३३ लाखांचं लोन कोण देणार? वहिनी मेन अर्जदार आणि हे सोबत, असं करून काही ठिकाणी थोडं सोपं जातं, पण लपवायचं म्हणून करू नका, लपत नाही.

सावर्डेवाली
आमच्या घरात पण हेच झालेलं, फक्त टिपर माझ्या घोवाचा स्वतःचा होता आणि एक नाही दोन. त्यामुळे एजंट म्हणजे सगळे चोर असं मी म्हणणार नाही. दोन बँकांनी नाही म्हटल्यावर मडगावचा एक डीएसए मिळाला, कोडवाला, त्याने आमच्याकडून एक रुपया घेतला नाही. त्याने काय केलं तर कुठं अर्ज टाकायचाच नाही ते सांगितलं. कोणती कंपनी सेटल्ड बघून दारातूनच परत पाठवते आणि कोणती कारण ऐकून घेते हे त्याला पाठ होतं. मग एकाच ठिकाणी फाइल टाकली, सोबत एक पानाचं पत्र, खाणबंदीची तारीख, टिपर विकल्याची पावती, त्यानंतरचे सगळे हप्ते वेळेवर गेल्याचं बँक स्टेटमेंट. हाउसिंग फायनान्स कंपनीने साडेअकरा टक्क्यांनी दिलं. महाग होतं, नाही म्हणत नाही. तुमच्या ३३ लाखांवर २० वर्षांना ९ टक्क्यांनी हप्ता २९,७०० च्या आसपास येईल आणि साडेअकराने ३५,२००, म्हणजे महिन्याला साडेपाच हजार सिबिलचा दंड भरा. आम्ही दोन वर्षं एकही हप्ता न चुकवता भरलं आणि मग बँकेत ट्रान्सफर केलं. फ्लोटिंग म्हणजे बदलता रेट असेल तर लोन लवकर बंद करायला दंड लावता येत नाही, म्हणून फिक्स्ड घेऊ नका कितीही गोड बोलले तरी.

एक चूक आमची, सही करताना लोनमध्ये ८० हजारांचा विमा घुसवलेला तो बघितलाच नाही. आता केएफएस म्हणून कर्जाच्या मुख्य माहितीची पानं येतात, २०२४ च्या ऑक्टोबरपासून द्यावीच लागतात, त्यात सगळे चार्जेस धरून खरा वार्षिक दर लिहिलेला असतो. ती वाचल्याशिवाय पेन उघडू नका. विम्याची सक्ती नसते.

आणि भाऊ तुमच्याकडे रोख किती आहे? ३० लाखांच्या वर ७५ पर्यंतच्या लोनला घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपेक्षा जास्त मिळत नाही, म्हणजे साडेआठ लाख तुमचे, वर स्टँप ड्युटी आणि रजिस्ट्रेशन वेगळं, ते त्या किमतीत धरत नाहीत.

कुर्टीकर
देव बरें करूं सगळ्यांचं. रोख साडेअकरा लाख आहेत, मिसेसच्या आईने दिलेले धरून.

काल रात्री जेवण झाल्यावर चारही रिपोर्ट काढले. लोनवाले काका तुम्ही बोललात तस्संच. तीन ठिकाणी टिपर लोन सेटल्ड आणि ओव्हरड्यू शून्य, पण एकात अजून ओव्हरड्यू ४१,३०० दाखवतंय आणि स्टेटस ओपन! पत्र्याच्या पेटीतून दादाची फाइल काढली, वाळवीने एक कोपरा खाल्लाय पण सेटलमेंटचं लेटर आणि नो ड्यूज दोन्ही शाबूत आहेत, शिक्क्यासकट. दादा बाजूला बसून होता, काही बोलला नाही, मग उठून झेरॉक्स काढून आणतो म्हणाला. रात्री साडेदहाला कुठलं झेरॉक्स.

एजंटला मेसेज टाकला, त्याने उत्तरात एक अंगठा पाठवला फक्त.

रिटायर_लोनवाला
छान. चुकीचा रिपोर्ट दिलेल्या त्या क्रेडिट कंपनीच्या साइटवर डिस्प्यूट टाका, दोन्ही कागद जोडा, आणि तेच फायनान्सवाल्यांना पण ईमेल करा, कारण बदल करायचा तो त्यांनी कळवल्यावर होतो. ३० दिवसांत निकाल लावायचा असतो, त्यानंतर दिवसाला १०० रुपये भरपाई तुम्हाला, २०२४ च्या एप्रिलपासून हा नियम आहे. तरी नाही ऐकलं तर आरबीआयच्या सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर लोकपालाकडे तक्रार.

दुसरं, सेटलमेंटच्या वेळी किती सोडले होते ते लेटरमध्ये बघा. ती रक्कम झेपण्यासारखी असेल तर फायनान्सवाल्यांना विचारा की उरलेले भरतो, सेटल्ड काढून क्लोज्ड करणार काय. आधी त्यांच्याकडून लेखी घ्यायचं, मग पैसे.

कुर्टीकर
सोडलेले ६२ हजार आहेत. दादा म्हणतो ते मी भरणार, तू मध्ये पडू नको. सोमवारी दोघं पणजीत पाटोला फायनान्सवाल्यांच्या ऑफिसात जातोय, आणि बिल्डरकडे टोकनला दोन महिने वाढवून मागितलेत, तो दीड म्हणतोय.

पात्रांव_म्हापसा
दीड महिना बस झाला. पण लेखी घे रे त्याच्याकडून पण, बिल्डर तो.